पोचूच्या तोंडावरची भागीरथा

लटारूच्या हाती तोंड दिलं की माणूस स्वतःच्या बायकोला ओळखू येत नसे. हे सुख वर्षातून एकदाच का, अशी काही बायकांची तक्रार होती. नागभीडकडच्या त्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरे, जेवणं उरकली की दंडारीचा खेळ उभा राही, आणि खेळातली सगळी तोंडं लटारू रंगवी.

राजाची दाढी तो फावड्यासारखी चौकोनी काढी. असा माणूस शब्द फिरवत नाही. कपटी दिवाणाची भुवई विंचवाच्या नांगीसारखी वर वळवी आणि गालाखाली काजळ भरून तोंड निमुळतं करी. "सोभाव बोलून दाखवाले येळ लागते," तो म्हणे. "मानूस आला तवाच लोकाईले कळला पायजे."

राणी मात्र त्याच्या कायद्यात बसत नसे. राणीचं काम पोचू करी. तलावात जाळं फेकणारा गडी, मान रेड्याची. त्याच्या तोंडावर लटारू मुरदाडशिंगाचा पिवळा लेप देई, हिंगुळानं गाल भरी, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके ठेवी, आणि भुवया काढी आखूड, जराशा खाली उतरलेल्या. राणीला अशा गरीब भुवया कशाला, हे कुणी विचारत नसे. सगळ्या गावाच्या ओळखीच्या होत्या त्या. लटारूची बायको भागीरथा कावीळ होऊन गेली होती. फोटोवाला कधी त्या गावात फिरकलाच नव्हता.

"लटारूभाऊ, बायको परत आनली म्हने," शेजारची रुखमा टोमणा मारी. "मिशा आहेत तिले."

"काढल्या मी," लटारू म्हणे आणि स्वतःच हसे. मग मंचापुढं पहिल्या ओळीत जाऊन बसे. टेंभे पेटत, आणि भागीरथा समोर येऊन उभी राही.

त्या वर्षी मंडईचा कारभारी शालिकराम नागभीडहून गॅसबत्ती घेऊन आला. नव्या नवरीसारखी मिरवून ती मंचावर उंच बांबूला टांगली. लटारूनं नेहमीप्रमाणं पडद्यामागं टेंभ्याच्या उजेडात पोचूला रंगवलं आणि पुढं येऊन बसला.

टेंभ्याचा तांबूस उजेड खालून येई, निम्मा पिवळा रंग गिळून टाकी, गाल भरून काढी. गॅसबत्ती पांढरी आणि वरून. पोचू मंचावर आला तेव्हा तोंड हळदीसारखं पिवळं पडलेलं, डोळे खोबणीत गेलेले, गाल बसलेले.

"रानीले कावीळ झाली," मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. रुखमाही हसली, आणि मग तिनं पदर तोंडाला लावला. भागीरथा शेवटी खाटेवर अशीच पडली होती.

लटारू उठून शालिकरामकडे गेला. "शालिकरामभाऊ, बत्ती इझवा."

"काऊन? लोक बत्ती पाहाले आले, लटारू. तुह्या रानीले नाई."

"तिच्या येळेपुरती."

"आता इझवली तर लोक मले मारतीन."

पोचूला लटारूनं आत बोलावलं आणि तिळाच्या तेलाची चिंधी घेतली.

"राहू दे, भाऊ," पोचू म्हणाला. "हासू दे लोकाईले. मी जातो असाच."

"तिच्यावर नाई हासाचं कोनी."

त्यानं गाल पुसले, गोंदण पुसलं. भुवयांपाशी हात थांबला. मग त्याही पुसल्या. पोचूला त्यानं पडद्याच्या कडेशी बत्तीच्या उजेडात आणलं, फिका रंग लावून तेच तोंड पुन्हा काढून पाहिलं. दुसरीच कुणी रडवेली बाई निघाली. पांढऱ्या उजेडातली भागीरथा आठवू गेला तर खाटेवरचीच आठवे. बाहेर ढोलकीवाला तेच तेच वाजवून कंटाळला होता.

शेवटी लटारूनं खडूची सफेदी घेतली, गुलाबी गाल केले, डोळ्यांचे कोपरे कानाकडे ओढले, भुवया लांब आणि उंच काढल्या. राणीला शोभतील अशा.

राणी बाहेर आली आणि शिट्ट्या पडल्या.

रुखमा पडद्याआड आली. टोमणा मारायला तिची जीभ उचलेना. "साजरी दिसते, लटारूभाऊ."

"साजरीच आहे," तो हात पुसत म्हणाला. "मी नाई ओळखत तिले."

पुढं मंडईत दरवर्षी गॅसबत्तीच आली. लटारूची राणी पंचक्रोशीत नावाजली, बाहेरगावची मंडळं त्याला बोलावू लागली. तो जाई, तोंडं रंगवी, आणि खेळ सुरू झाला की घरची वाट धरी.