दीड फूट खाली

रॅम्पवरून चाकांची खुर्ची अलगद आत आली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्या रॅम्पसाठी वर्षभर कागद फिरवले होते. महानंदाताई खुर्ची स्वतःच ढकलत उंच टेबलावरच्या काचपेटीपाशी गेल्या, मान वर केली आणि म्हणाल्या, "साहेब, मला तर टेबलाचं बूडच दिसतंय."

अंबाजोगाईतल्या आमच्या छोट्या संग्रहालयात मी क्युरेटर होतो. म्हणजे वस्तू मिळवणारा, जपणारा आणि मांडणारा माणूस. नव्या दालनाचं उद्घाटन दोन तासांवर आलं होतं. दालनाचं नाव झोकात ठेवलं होतं, 'सर्वांसाठी'.

महानंदाताई घाटनांदूरच्या. लहानपणी पोलिओ झालेला. वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, किराणा-भुसाराचं दुकान आता त्याच चालवतात. आप्पांची पितळी मापं त्यांनी आम्हाला दिली होती. पूर्वी धान्य तोलून नाही, मापून देत. पायली मोठी, चिपटं लहान. देताना अट एकच होती, "मापं तिथं मांडलेली माझ्या डोळ्यानं दिसली पायजेत." मी ऐटीत हो म्हटलं होतं.

आमच्या कामात 'आय लेव्हल' म्हणून एक प्रकार असतो. वस्तू बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवायची. कुणाच्या डोळ्यांच्या, हे मला कधी कुणी विचारलं नाही. मी आपली माझ्याच धरत आलो.

संचालकांकडे धावलो. ते हारतुऱ्यांच्या गडबडीत होते.

"आत्ता नको. टेबलाची उंची मंजूर डिझाइनमध्ये आहे. बदलायची तर परत मंजुरी."

"पण सर, त्या आल्यात."

"मोबाइलवर फोटो दाखवा."

हा निरोप मी साखरेत घोळून दिला. ताईंनी शांतपणे ऐकला. मग खुर्चीला अडकवलेली कापडी पिशवी काढून मांडीवर पसरली.

"मग मापं घाला ह्याच्यात. फोटू तर माझ्या घरी बी हाय."

मी सागवानी टेबल, मंजुरी, पाहुणे असं काहीबाही पुटपुटलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"साहेब, आप्पाच्या दुकानातलं टेबल बी सागवानीच होतं. मी चौदा वर्साची. टेबलामागं बसलं की गिऱ्हाइक दिसायचं न्हाई, म्हून लई रडले एकदा. आप्पानं दुपारी दुकान बंद केलं, करवत घेतली अन् चारी पाय कापले. तवापासून गिऱ्हाइकं वाकत्यात. कुणाची कंबर मोडली न्हाई. तुमाला कावून एवढं जड जातंय?"

खरं सांगतो, शरम वाटली. माझ्या सगळ्या मीटिंगांतून जे निघालं नव्हतं, ते एका दुकानदारानं एका दुपारी उरकलं होतं.

आमचे सुतार शब्बीरभाई दाराशी तोरण बांधत होते. मी विचारलं, "करवत आणलीय?"

"है ना साब. कापायचं काय?"

"टेबलाचे पाय."

"संचालकसाब आपल्याला कापतील."

"मला कापतील. तुम्ही टेबल कापा."

मोजमाप सोपं होतं. मी ताईंशेजारी स्टुलावर बसलो. शब्बीरभाई काचपेटीतून काढलेली पायली हातात धरून हळूहळू खाली आणत गेले. "आणखी खाली... आणखी... हां, बास." दीड फूट निघालं. काचपेटी उतरवली, बाकीची मापं बाजूला घेतली, पाय कापले, पॉलिशचा हात मारला. सगळं परत मांडलं तेव्हा पाहुण्यांची गाडी फाटकात शिरत होती.

ताई समोर आल्या. मग काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो पोचा माझ्या हातनं पडलेला. आप्पा रागावले नव्हते." आणि पिशवीची घडी केली.

पाहुण्यांना वाकूनच बघावं लागलं. त्यांच्यामागून शाळेची पोरं आली, ती काचेला नाक लावून उभी राहिली. नेकनूरहून आलेल्या दोन म्हाताऱ्या तर समोर मांडी घालून बसल्या आणि एकेका मापाचं नाव घेऊन भांडू लागल्या. इतकी गर्दी आमच्या कुठल्याच काचपेटीपुढे मी पाहिली नव्हती.

मला मेमो मिळाला. दोन महिन्यांनी उरलेली टेबलंही दीड फूट खाली आली, रीतसर मंजुरीनं. त्या प्रस्तावात 'संचालकांच्या कल्पनेनुसार' असं लिहिलं होतं. ते मीच टाइप केलं.

नोकरीत मी बरीच प्रशिक्षणं घेतली, पण महानंदाताईंचे उपकार वेगळे. आजही संग्रहालयात गेलो की आधी स्टूल मागतो आणि बसून बघतो.

निवृत्तीच्या आधी त्यांच्याकडे गेलो होतो. आप्पांचं ते कापलेलं टेबल संग्रहालयाला द्या म्हटलं.

"ते न्हाई मिळायचं," त्या म्हणाल्या. "दुकान चालू हाय. तुमी वाका अन् काय पायजे ते सांगा."

मी वाकलो आणि पावशेर गूळ घेतला.