चर्चच्या पायरीवरच्या चपला

छत्र्या विकणाऱ्या त्या चाचांनी मला आमच्या व्हॅनपर्यंत पोचवलं. मी पिंपळगावची, सातवीतच शाळा सुटलेली. गंगापूर रोडच्या साहेबांच्या कुटुंबाबरोबर इटलीत स्वयंपाकाला आले होते. रोज एक जुनं गाव, रोज व्हॅनमध्ये पोळ्या. अंग नुसतं आंबलेलं. त्या दिवशी देवळात जाताना काढतो तशा चपला बाहेर काढून चर्चमध्ये शिरले आणि भलत्याच दाराने बाहेर पडले. वाट सापडेना, चारला व्हॅन निघणार. रडूच फुटलं.

एवढ्यात माझ्या चपला हातात घेऊन चाचा आले. पायरीवर छत्र्या विकताना त्यांनी मला चपला काढून आत जाताना पाहिलं होतं.

"पहले पहन ले, बेटी. रोना बाद में." मग हसले, "पहली बार मैं भी जूते उतारके गया था."

वेशीबाहेर व्हॅन दिसेपर्यंत ते सोबत चालले. चाचा, कधीतरी पिंपळगावचे बेदाणे घेऊन त्याच पायरीवर येईन.