पुढच्या शॉकअपचं तेल

"तुला जमणार नाही" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की हात आपोआप कामाला लागतात. त्या शनिवारी सकाळी चहा पिता पिता नवरा नेमकं हेच म्हणाला. विषय होता माझ्या मोटरसायकलचे पुढचे शॉकअप. हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत ज्या दोन चकचकीत नळ्या येतात, ते शॉकअप. आत स्प्रिंग असते, तेल असतं, आणि रस्त्याचा धक्का ती दोघं मिळून पोटात घालतात. माझ्या गाडीचे शॉकअप काहीच पोटात घालत नव्हते, सगळं तसंच्या तसं वर पाठवत होते. ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर साधा स्पीडब्रेकर आला तरी पुढून धाडकन आवाज यायचा आणि माझे दात एकमेकांवर आपटायचे.

माझ्या दातांचं काही नाही, ते मजबूत आहेत. प्रश्न मागे बसणाऱ्या बाईच्या पाठीचा होता.

ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते. दर रविवारी पांढरी साडी नेसून त्या मोहन्याजवळच्या एका वस्तीतल्या बुद्धविहारात जायच्या. वंदना झाली की तिथल्या पोरांचा वर्ग घ्यायच्या. वाचायला शिकवायच्या, गाणी म्हणून घ्यायच्या, एकाचं नाक पुसायच्या आणि दुसऱ्याचा कान पिळायच्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना तिकडे मीच सोडायचे, कारण घरात गाडी चालवायची हौस फक्त मला. मग मागच्या वर्षी त्यांच्या मणक्यातली चकती सरकली. डॉक्टरांनी सांगितलं, धक्के टाळा. एकदा रिक्षाने जाऊन पाहिलं, तर त्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं. ट्रेनने जायचं तर स्टेशनचे जिने चढवत नाहीत. असं करत करत महिने गेले. तिकडची माणसं भली, पण त्यांनीही शेवटी फोन करून विचारलं, "ताई, वर्ग दुसऱ्या कुणाकडे देऊ का?" आई म्हणाल्या, "रविवारी स्वतः येऊन सांगते." फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ गॅलरीत उभ्या होत्या. त्या गप्प बसल्या की मला घर नकोसं होतं.

म्हणून मी गाडीच्या मागे लागले. मागचे शॉकअप नवे टाकले होते, पण पुढचे तसेच होते. त्यातलं तेल गाडी घेतल्यापासून कुणी बदललं नव्हतं, वर नळ्यांच्या तोंडाशी कायम तेलकट ओल दिसायची. कल्याणहून तेलाची बाटली आणून ठेवली, तर आमचा गॅरेजवाला गावाला गेलेला. आणि दुसऱ्या दिवशी रविवार.

"मग मी घरीच बदलते," मी म्हटलं.

"तू? घरी?" नवरा हसला. "अगं, शॉकअप आहेत ते, कुकरची शिट्टी नाही. तुला जमणार नाही. आणि आई, हे बघ, उद्या एकदाच जायचं. संध्याकाळी पाठ दुखली तर वर्ग बंद. पुन्हा विषय काढायचा नाही. मंजूर?"

तो वाईट माणूस नाही. आईच्या कण्हण्याने रात्री उठून बसणारा तोच. पण काळजी वाटली की तो साहेबासारखा बोलायला लागतो.

"मंजूर," आई म्हणाल्या. मग कप खाली ठेवून त्याला म्हणाल्या, "आता तिला पान्यांचा डबा काढून दे."

इतकं बरं वाटलं मला! तो डबा घेऊन मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी डबल स्टँडवर लावली. पुढचं चाक अधांतरी राहायला हवं होतं आणि जॅक काही नव्हता. इंजिनखाली विटा रचल्या, त्यावर जेवायला बसायचा जुना पाट सरकवला, आणि चाक टेकेनासं झालं. दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले, विटांकडे पाहून त्यांनी मान हलवली, आणि माझ्या मागोमाग हळूहळू उतरून आलेल्या आईंसाठी स्वतःची खुर्ची आणून ठेवली. तेवढी मदत करून ते बाजूला उभे राहिले आणि दिवसभर सल्ले देत राहिले.

ब्रेकची केबल सोडवली, चाक काढलं, मडगार्ड काढलं. वरचे बोल्ट ढिले करताना पाना दोनदा सटकला आणि बोटं सोलवटली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. फोनवर व्हिडिओ चालू होता, त्यातला माणूस जे करी ते मी करत होते, आणि प्रत्येक गोष्ट जेव्हा खरंच त्याच्यासारखी व्हायची तेव्हा मला ओरडावंसं वाटायचं. उजवी नळी खेचली, हलेना. पिळून खेचली आणि ती एकदम हातात आली. मी मांडी घालून फरशीवर आपटले, नळी कवटाळून.

"निघाली!" मी ओरडले.

"तू बरी आहेस ना?" आईंनी विचारलं.

"आई, निघाली!"

"दिसतंय मला. आधी उठ."

नळीचं वरचं झाकण काढताना मी बेसावध राहिले. आत दाबून बसलेली स्प्रिंग असते, व्हिडिओतला माणूस सांगत होता, पण मी पुढे पळवलं होतं. शेवटचा आटा सुटला आणि झाकण टणकन उडून काकांच्या चपलेपाशी पडलं. काका मागे सरले आणि तिथून पुढे थोडे लांबूनच सल्ले देऊ लागले. मग नळी उलटी केली. आतून जे आलं त्याला तेल म्हणवत नव्हतं. भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचं, आणि वास म्हणाल तर ओल लागून कुजलेल्या सुकटीचा. आईंनी पदर नाकाला लावला, पण खुर्ची पुढेच ओढली.

नळीच्या तोंडाशी जे रबरी सील असतं त्यात माती अडकली की तेल गळतं. ती माती काढायला पातळ, लवचीक, पण चिवट पट्टी लागते. व्हिडिओतला माणूस जुन्या फोटोंची निगेटिव्ह वापरत होता. आता निगेटिव्ह कुठून आणायची? मी इकडेतिकडे बघत होते, तेवढ्यात आई म्हणाल्या, "कपाटावर माझा एक्स-रे आहे."

"आई, तुमच्या मणक्याचा?"

"मग काय! त्याच्याच कामाला येतोय ना?"

मी वर पळत जाऊन ते पाकीट आणलं. आई आयुष्यभर ब्लाउज शिवत आलेल्या, त्यामुळे कात्री त्यांनीच हातात घेतली. मणके तेवढे शाबूत ठेवून कडेची काळी पट्टी अशी सरळ कापली की काकांनीही "वा" म्हटलं. पट्टीच्या टोकाला त्यांनी आकड्यासारखा बाक दिला. ती सीलमध्ये घालून फिरवली तर बाहेर एवढी माती आली की मी ती सगळ्यांना दाखवत सुटले. पार्किंगमध्ये गाडी काढायला आलेल्या माणसांनासुद्धा दाखवली. सगळ्यांनी भीतीपोटी कौतुक केलं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग आम्ही दोघींनी मिळून घोळ घातला.

आमच्या घरात, म्हणजे आईंच्या राज्यात, एक नियम आहे. शेजारून साखर आणली तर ज्या वाटीने आणली ती वाटी बाजूला ठेवायची आणि परत करताना त्याच वाटीने मोजून द्यायची. जास्त दिली तर समोरचीला लाजवल्यासारखं होतं, कमी दिली तर बोलायलाच नको. वाटीला वाटी. हे इतकं अंगात भिनलंय की स्वयंपाकघराबाहेरही आम्ही दुसरा विचार करत नाही. सकाळी जुनं तेल निघायला लागलं तेव्हाच आई म्हणाल्या होत्या, "वाटी लाव." मी स्टीलची वाटी लावली होती. उजव्या नळीतून एक वाटीही भरली नाही. मग डावी नळी तशीच काढली, तिच्यातून थोडं जास्त निघालं. दोन्ही वेळा तेल कुठपर्यंत आलं तिथे आईंनी नखाने खूण धरली, आणि मी त्या खुणेबरहुकूम नवं तेल मोजून ज्याचं त्याला परत केलं. थेंब सांडू दिला नाही. नवं तेल काय सुंदर होतं! लालसर, स्वच्छ, सरबतासारखं. सगळं पुन्हा जोडलं, चाक बसवलं, विटा काढल्या, आणि मी ऐटीत गाडी गेटबाहेर काढली.

पहिलाच स्पीडब्रेकर. धाडकन!

पूर्वीपेक्षा मोठा आवाज. मी तशीच वळून परत आले आणि हेल्मेट जमिनीवर टाकलं.

"काय झालं?" आई उभ्या राहिल्या.

"काही नाही झालं! म्हणजे काहीच नाही झालं! तसंच आपटतंय! दिवसभर घासलं आणि तसंच आपटतंय!"

"तेल बरोबर घातलं होतंस ना?"

"तुमच्यासमोरच घातलं. जेवढं निघालं तेवढंच—"

आणि मी थांबले. आईही थांबल्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सीलमधली मूठभर माती अजून कागदावर पडलेली होती. तेल इतकी वर्षं गळत होतं म्हणूनच ना हा सगळा खटाटोप, आणि आम्ही जे उरलं होतं तेवढंच मोजून परत घातलं होतं. शिवाय एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त, अगदी इमानदारीत!

आधी आईंचा खांदा हलला. मग त्या हसू लागल्या ते थांबेचनात. "अगं, पाठ," म्हणत हसत होत्या, कंबरेला हात लावून हसत होत्या. मी तर गाडीला धरून खाली बसले. काकांना काय झालं ते कळेना, त्यांना समजावून सांगेपर्यंत पुन्हा हसू फुटे.

मग फोनवर गाडीचं पुस्तक शोधलं. प्रत्येक नळीत किती तेल हवं ते त्यात स्पष्ट छापलेलं होतं, सकाळपासून तिथेच होतं. आईंनी मला वरून त्यांच्या औषधाचं मापाच्या खुणांचं झाकण आणायला सांगितलं. सगळं पुन्हा उघडलं. यावेळी हात सराईत झाले होते, स्प्रिंगचं झाकण मी फडक्याने दाबून धरलं, काकांनीही ते जवळ उभं राहून पाहिलं. दोन्ही नळ्यांत सारखं तेल घातलं, नळी वर-खाली करून आतली हवा घालवली, झाकणं आवळली.

गाडी जमिनीवर उभी राहिली तेव्हा आई पुढे झाल्या आणि त्यांनी दोन्ही तळवे हँडलवर ठेवून खाली दाबलं. गाडीचं तोंड सावकाश खाली गेलं आणि तितक्याच सावकाश वर आलं. आवाज नाही, काही नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

"वंदनेला गुडघे टेकून उठावं तशी उठतेय," त्या हळूच म्हणाल्या.

मी चक्कर मारायला निघाले. तोच स्पीडब्रेकर, आणि गाडी नुसती हुंकार देऊन पलीकडे! मी रस्त्यात एकटीच ओरडले. वळून पुन्हा त्याच्यावरून गेले, मग पुन्हा. स्पीडब्रेकरवरून जाण्यात एवढं सुख असतं हे मला पहिल्यांदा कळलं.

रविवारी सकाळी आई पांढरी साडी नेसून, कंबरेला पट्टा बांधून मागे बसल्या. नव्वद फुटी रस्ता, पत्री पूल, कल्याण, शहाड. मी जन्मात इतकी हळू गाडी चालवली नसेल. सायकलवाले पुढे जात होते. पुलावरच्या जोडांवरून चाक गेलं की माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट व्हायचा, मग सैल पडायचा. "गेला?" त्या विचारायच्या. "गेला," मी सांगायचे. शहाडनंतर त्यांनी विचारणंच सोडलं आणि गुणगुणायला लागल्या. विहाराच्या वळणावर पोरांनी त्यांना लांबूनच ओळखलं. "आज्जी! आज्जी आली!" करत सगळी धावत सुटली, आणि आई गाडी थांबायच्या आतच उतरायला निघाल्या. मी रागावले. त्यांनी ऐकलंच नाही.

मी विहाराबाहेर भिंतीला टेकून बसले होते. वंदना झाली, वर्ग झाला. आत त्या खुर्चीत बसून पोरांकडून धडा वाचून घेत होत्या आणि आवाज तोच होता, पूर्वीचा, जरब असलेला. वर्ग दुसऱ्याकडे द्यायचा की नाही, हे त्यांनी त्या माणसांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही. परत येताना त्या गुणगुणल्या नाहीत, आणि मी गाडी आणखीच हळू चालवली.

संध्याकाळी त्या पलंगावर आडव्या झाल्या, कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन. नवरा दारात येऊन उभा राहिला. मी त्याच्यामागे उभी राहून त्यांना डोळ्यांनी खुणावत होते. नाही म्हणा. एवढंच म्हणा, आई, नाही म्हणा.

"आई," त्याने विचारलं, "खरं सांग. पाठ दुखतेय?"

"दुखतेय."

मी डोळे मिटले. आदल्या दिवसाची सगळी मेहनत एका शब्दात गेली.

"मग ठरलं होतं ना आपलं," तो म्हणाला. आवाज मऊ होता, जिंकल्याचा नव्हता.

"ठरलं होतं. मी शब्द मोडतेय." त्यांनी पिशवी थोडी सरकवली. "काल दिवसभर खुर्चीत बसले होते, तेव्हाही दुखली. परवा झोपून होते, तेव्हाही दुखली. तुला कुणी सांगितलं, घरी ठेवलं की दुखायची थांबते म्हणून?"

तो आत येऊन पलंगाच्या कडेला बसला.

"दुखायची ती दुखणारच आहे, बाळा. ती कुठे बसून दुखवून घ्यायची, तेवढं मला ठरवू दे."