मिक्सरवरच्या अक्षता
कुंकवात भिजवलेल्या तांदळाचा वास आला, की मला आष्ट्याची ती वरात आठवते. पोरानं आमच्या डीजेच्या गाडीसाठी आवाज कमी-जास्त करायचा नवा मिक्सर आणला होता. नवं यंत्र आलं की आमी पूजा करतो, मग ती विहिरीवरची मोटर असो की मिक्सर. पोरगा ओरडला, "आबा, वर अक्षता नका टाकू, फटी हायत त्याला." मी म्हणालो, "मोटरीवर टाकल्या, ती बंद पडली का रं?" आणि टाकल्या. लग्न लागलं, उन्हं कलताना वरात निघाली. जनरेटरच्या धुरानं घसा खवखवत होता, आवाजानं पत्रे थरथरत होते. वळणावर सुतकाचं घर आलं. अशा दारासमोरनं वाजवत जायचं न्हाई, ही आमची रीत. पोरानं मिक्सरवरची आवाजाची पट्टी खाली ओढली, ती निम्म्यात अडकली. गाणं गर्जत राहिलं आणि ओसरीवर बसलेली माणसं उठून उभी राहिली. "आबा, सरकंना!" मी जनरेटरची वायरच उपटली. मग घोड्याच्या टापा तेवढ्या ऐकू आल्या. ओसरीवरची माणसं खाली बसली. घर मागं पडल्यावर पोरानं टाचणीनं फटीतला तांदूळ काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी म्हणालो, "लग्नात काय कमी अक्षता उडाल्या?" तो म्हणाला, "लग्नातल्या पिवळ्या होत्या, आबा. ही लाल हाय." आजही नवा मिक्सर आला की मी अक्षता टाकतोच. पोरगा फक्त आधी त्यावर टॉवेल पसरतो, आणि मी टॉवेलाची पूजा करतो.