वरून उघडी भिंत

नांदेडच्या कापडमिलमध्ये बाबा साचे, म्हणजे माग, चालवायचे, म्हणून कंपनीने आम्हाला कामगारांच्या लाइनीत खोली दिली होती. खोलीला भिंती साडेतीनच. म्हणजे मोजायला चार, पण शेजारच्यांची आणि आमची मिळून जी मधली भिंत होती, ती छतापर्यंत गेलीच नव्हती. माणसाच्या उंचीहून जरा वर जाऊन थांबलेली, आणि तिच्या डोक्यावरून पत्र्याचं एकच छप्पर लाइनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबांचं म्हणणं, वारा खेळावा म्हणून साहेबांनी मुद्दाम तसं ठेवलं. आई लगेच उसळायची, "वारा कशाचा? विटा वाचवल्या मेल्यांनी. सायबाच्या बंगल्यात लागत न्हाई का वारा?" बंगल्यातल्या भिंती वरपर्यंत होत्या, हे खरंच.

मला काय, मजाच होती. एका घरात मिरचीची फोडणी पडली की तिसऱ्या घरात ठसका. नवरा-बायकोला भांडायचं असेल तर भोंगा वाजेपर्यंत दम धरावा लागे. भिंतीपलीकडे देगलूरकडची मावशी राहायची. नात्याची नाही, भिंतीची मावशी. ते लोक बौद्ध, आम्ही लोह्याचे शेतकरी. संध्याकाळी त्यांच्याकडे बुद्धवंदना, आमच्याकडे शुभंकरोती. मला दोन्ही पाठ, फक्त पाढे येत नव्हते. मावशीच्या हातच्या कालवणाची वाटी भिंतीवरूनच यायची. लोह्याहून आजी आली की त्या वाटीकडे बघून तिच्या कपाळाला आठ्या. आई तिला म्हणायची, "आत्याबाई, वरून आलंय. वरून आलेलं परत पाठवत्यात का कुठं?" आणि आजीच्या पानात वाढून मोकळी व्हायची.

दुपारच्या पाळीला बाप्ये गेले की या दोघी आपापल्या बाजूने भिंतीला लागून आडव्या व्हायच्या आणि पत्र्याकडे बघत बोलायच्या. "झोपलीस का गं?" "न्हाई गं. तू?" सुरुवात ठरलेली. नळावर समोरासमोर भेटल्या तर चार शब्द बोलायच्या नाहीत. सगळं खरं बोलणं या दुपारचं. सासू, नवरा, राहिलेला महिना, गेलेलं लेकरू, सगळं भिंतीवरून. मी शेजारी डोळे मिटून पडलेली, कान टवकारून. रंग भरायला लागला की आई हमखास म्हणणार, "हळू बोल, पोरगी जागी हाय."

मिल बंद पडली. पुढे बाबा वारले, मावशीचे यजमानही गेले. खोल्यांत माणसं मात्र राहतच होती, आणि आई-मावशीचं बोलणं संपलेलं नव्हतं. शेवटी गेल्या वर्षी कंपनीची माणसं खोल्या रिकाम्या करा म्हणून सांगून गेली. मावशीला तिची लेक देगलूरला घेऊन गेली, मी आईला लातूरला आणलं. आई यायला तयारच नव्हती. "न्हाई करमलं तर लोह्याला सोडायचं मला," अशी अट घालून आली. लोह्याच्या घरात आता कोण आहे? चुलतभावाने कडबा भरून ठेवलाय तिथे. म्हणून तर मला धास्ती. काही करून तिला इथे करमायला हवं होतं.

आणि एका दुपारी शाळेत शिकवून घरी आले तर आई भिंतीलगतच्या पलंगावर आडवी, तोंड छताकडे, म्हणतेय, "झोपलीस का गं?" थोडं थांबली. मग पुन्हा, "झोपलीस का?"

गेलं डोकं आईचं! दुसऱ्या दिवशी धरून डॉक्टरकडे नेली. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"क्यालेंडर तुमच्या मागंच हाय की," आई म्हणाली. "तुमाला दिसत न्हाई व्हय?"

डॉक्टर हसत सुटले. म्हणाले, आजी ठणठणीत आहेत. रिक्षात बसल्यावर माझा ताबा सुटला. "मग भिंतीशी काय बोलतेस खामखा? लोक काय म्हणतील?"

"भिंतीशी कुठं बोलून राहिले?" आई माझ्यावरच डाफरली. "पलीकडं बोलून राहिले. तुझी भिंत वरपर्यंत गेली हाय, त्याला मी काय करू?" मग आवाज एकदम खाली आला. "लई बेजार झाले गं. मला लोह्याला सोड."

मी घरी येऊन देगलूरला फोन लावला. मावशीची लेक मला बोलूच देईना. "ताई, काय सांगू, आमची आई दुपारची..."

"भिंतीशी बोलते?"

मग दोघी एकदम हसलो, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला.

फोन या दोघींना नवा नव्हता. पण कानाला लावला की आई तार वाचल्यासारखं ओरडायची, "बरी हाय! जेवले! ठिवते!" संपलं. अशाने कुणाचं मन मोकळं होतंय? मी पुष्कळ विचार केला आणि शेवटी मावशीच्या लेकीला पुन्हा फोन करून सांगितलं, "अगं, मावशीला भिंतीला लावून निजव. फोनचा आवाज मोठा कर आणि कपाटावर ठेव. वर. अगदी छताजवळ."

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणं झाल्यावर आईच्या पलंगाशेजारच्या कपाटावर, स्टूल घेऊन, मी देगलूरला लावलेला फोन आवाज मोठा करून ठेवला आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं. साखर टाकली, पत्ती टाकली. फसलं वाटतं, म्हणेपर्यंत वरून आवाज आला, "झोपलीस का गं?"

पलंग करकरला. "न्हाई गं," आई म्हणाली. "तू?"

ओट्याला धरून मी ढसाढसा रडले. तिकडे बोलणं सुरू झालंसुद्धा. जावई कसा आहे, भाजीत मीठ कमी असतं, लेकीला बोलून दाखवता येत नाही. ही लेक म्हणजे मीच. मी नाक पुसून दाराजवळ सरकले, तर माझ्या बांगड्या वाजल्या.

"हळू बोल," आई म्हणाली. "पोरगी जागी हाय."

मी गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर आडवी झाले, डोळे गच्च मिटून.