रानआल्याच्या कुंडीला पाणी

आमच्या बोरिवलीच्या बाल्कनीत एक रिकामी दिसणारी कुंडी आहे आणि बाबा तिला रोज पाणी घालतात. भर मे महिन्यात. तिथेच सगळी वाट लागली.

कुंडीत आईचं रानआलं. तिच्या माहेरच्या देवराईत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे ते उगवायचं. राईतलं पानसुद्धा तोडायचं नाही, म्हणून आईने देवाला गाऱ्हाणं घालून एक कंद मागून आणला. याचं फूल पानांत शोधायचं नाही. ते बुडाशी येतं, मातीला टेकून, लालभडक. आई दर पावसाळ्यात शेजारणींना वाकवून दाखवायची आणि त्या म्हणायच्या, "एवढंसंच?" मला असा राग यायचा ना. आता ती राई रस्त्यात गेली. मामाने खूप शोधलं, एक कोंब मिळाला नाही.

दिवाळीनंतर याची पानं वाळतात. कंद खाली झोपतो, पाऊस येईपर्यंत त्याला पाणी अजिबात नको. आई कुंडी कोरडी ठेवून द्यायची. गेल्या थंडीत आई गेली आणि बाबांनी पाणी सुरू केलं.

मी समजावलं, मग ओरडले. कुंडी वॉशिंग मशीनमागे लपवली, तर त्यांनी घर पालथं घातलं. गिरणी बंद पडून नोकरी गेली तेव्हा न डगमगलेला माणूस कुंडीसाठी रडवेला झाला. काय करणार, परत ठेवली.

काल मातीला वास आला. बोट घातलं तर कंद मऊ लागला, सडक्या बटाट्यासारखा. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, पाण्याने मरतंय ते. कितीदा सांगू?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तुझ्या आवशीन पाणी मागल्यान," ते म्हणाले. "सारकी मागी होती. दाक्तरान नको म्हणान सांगल्यान, म्हणान मी दिलंय नाय."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलात तिच्याजवळ तेच बसायचे. मी ऑफिसातून फोन करायचे.

दुपारी ते झोपल्यावर एखादा धड तुकडा वाचवावा म्हणून मी अख्खी कुंडी उकरली. सगळाच कंद सडला होता. माती परत भरली, वरून थोपटली.

आज सकाळी कुंडीत घालताना बाबांच्या तांब्यातलं निम्मं पाणी लादीवर सांडलं. "पावसात येतला ना गो?" त्यांनी विचारलं.

मी तांब्या घेतला आणि पुन्हा भरून त्यांच्या हातात दिला.