धान्यदेवतेचे डोळे
थिनरचा वास आला की मला शारजातलं आमचं वर्कशॉप आठवतं. युरोपातल्या एका राजवाड्याच्या बागेतली धान्यदेवता आम्ही फोटोवरून फायबरमध्ये केली होती, दुबईतल्या एका व्हिलाच्या बागेसाठी. हातात गव्हाच्या ओंब्या, बाकी सगळी पांढरीशुभ्र. डिलिव्हरीच्या सकाळी मी तिच्यावरचं प्लास्टिक ओढलं आणि ओरडलोच. ती माझ्याकडे बघत होती! फोटोत कोऱ्या असलेल्या डोळ्यांत आता काळीभोर बुबुळं होती, थेट गणपतीची असतात तशी. आमचा पेणचा कारागीर शांतपणे म्हणाला, "डोळे आखल्याशिवाय देवी कारखान्याबाहेर धाडतात का, साहेब?" तेवढ्यात वर्कशॉपचा मालक आला आणि भडकला, "थिनर मारो, खलास करो!" माझ्यासकट कुणाचाच हात पुढे होईना. शेवटी त्या कारागिरानंच आपल्या डब्यातला दहीभात तिच्यापुढे धरला, विसर्जनाआधी हलवतात तशी मूर्ती जागची हलवली आणि थिनरचा बोळा डोळ्यांवरून फिरवला. काळे ओघळ गालांवरून पार ओंब्यांपर्यंत आले. आता दुबईतल्या कुठल्याही बागेत कोऱ्या डोळ्यांची देवी दिसली की वाटतं, हिचेही कुणीतरी पुसलेत.